बाह्य साधनावरील संचालन प्रणाली

पेन ड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क किंवा एसएसडी यांसारख्या सुट्या साधनावर साठवलेली आणि संगणकाच्या अंतर्गत डिस्कचा आधार न घेता तेथूनच सुरू होणारी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे बाह्य साधनावरील संचालन प्रणाली होय. तिच्या एका प्रकारास 'लाइव्ह यूएसबी' असे म्हणतात. बिघडलेल्या संगणकातील माहिती वाचविणे, नवी प्रणाली पारखून पाहणे आणि कार्यालयाच्या संगणकावर खासगी काम वेगळे राखणे हे तिचे प्रमुख उपयोग आहेत.

इतिहास

जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली डेबियनवर आधारित 'नॉपिक्स' ही सीडीवरून चालणारी प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यामुळे हा प्रकार लोकप्रिय झाला. पुढे सीडीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोज ८ च्या एंटरप्राइज आवृत्तीत 'विंडोज टू गो' ही सुविधा दिली व २०२० मध्ये ती काढून टाकली.

भारतात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस लिनक्स' ही डेबियनवर आधारित प्रणाली प्रसिद्ध केली. सी-डॅकचे मुख्यालय पुणे येथे आहे. बॉसमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे.

कार्यपद्धती

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील बायोस किंवा यूईएफआय हा प्रारंभिक कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने साधने तपासतो. या क्रमात बाह्य साधन आधी असल्यास तेथील प्रणाली मुख्य स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, उतरते. लाइव्ह प्रकारात केलेले बदल रॅममध्येच राहतात व संगणक बंद होताच नाहीसे होतात. ते टिकवायचे असल्यास साधनावर स्वतंत्र विभाग राखावा लागतो. दुसऱ्या प्रकारात बाह्य डिस्कवर संपूर्ण प्रणाली स्थापित केली जाते. मात्र पेन ड्राइव्हच्या फ्लॅश स्मृतीवर मर्यादित वेळाच लिहिता येत असल्याने रोजच्या वापरास एसएसडी अधिक योग्य ठरते.

कार्यालयीन संगणकावरील वापर

या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या संचिका कार्यालयाच्या डिस्कवर उमटत नाहीत. तथापि, येथे केवळ प्रणाली व संचिका कर्मचाऱ्याच्या असतात. यंत्र, त्यातील प्रारंभिक कार्यक्रम आणि जाळे कार्यालयाचेच राहते. त्यामुळे कार्यालयाच्या जाळ्यावरून कोणत्या संकेतस्थळांशी संपर्क झाला, याची नोंद राहू शकते. म्हणजेच मिळणारा खासगीपणा अपुरा असतो.

हेच साधन कार्यालयाच्या दृष्टीने धोक्याचेही असते. अंतर्गत डिस्क कूटबद्ध नसल्यास विंडोजचा पासवर्ड ठाऊक नसतानाही बाहेरील प्रणालीतून तिच्यावरील संचिका वाचता येतात वा पुसता येतात. म्हणून अनेक कार्यालये बाह्य साधनावरून संगणक सुरू करण्याची सोय बंद करतात व यूईएफआयला पासवर्ड लावतात. 'सिक्युअर बूट' ही सुविधा मान्य स्वाक्षरी नसलेली प्रणाली सुरू होऊ देत नाही. 'बिटलॉकर' वापरात असलेल्या संगणकावर ही सुविधा बंद केल्यास पुढच्या वेळी ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ही कळ बहुधा कार्यालयाच्या संगणक विभागाकडेच असते. त्यामुळे परस्पर केलेला बदल उघड होतो आणि काम खोळंबते.

सुटे साधन सहज हरवू शकते. त्यामुळे तेही कूटबद्ध करणे व त्यावरील माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे. तेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कर्मचाऱ्यास संगणक वापरण्याची मुभा असली, तरी त्यावर दुसरी प्रणाली चालविण्याची मुभा तीत आपोआप येत नाही. अशा वापरापूर्वी लेखी परवानगी घेणे इष्ट असते.