नायगावच्या चाळी आणि वेळेवर न विचारलेला प्रश्न

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. एखादा मोठा बदल घडवणारा प्रकल्प यशस्वी व्हावा म्हणून अंतर्गत लेखापरीक्षक काय करू शकतो? पण आपण नायगावात जमलो आहोत, आणि हा विषय समजायला बीडीडी चाळींइतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही. तेव्हा आपण चाळींपासूनच सुरुवात करू.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली हे खातं उभं केलं. त्याच्याकडे कामं प्रचंड होती. बॅक बेमध्ये ११४५ एकर समुद्र बुजवायचा होता आणि गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या. घरांच्या पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणणार नाही. त्या काळी एकेका खोलीत माणसं कशी कोंबलेली असत, हे परळ-लालबागच्या जुन्या घरांतून आजही ऐकायला मिळतं.

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. त्यांपैकी वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मधून बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. एका चाळीत ८० खोल्या धरल्या तर एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे ठरवलेल्याच्या एक तृतीयांश! आणि गंमत बघा, त्यासुद्धा भरेनात. बांधकामाचा खर्च इतका वाढला की खर्चाप्रमाणे भाडं लावलं तर कामगाराला परवडेना, म्हणून सरकारला भाडं कमी करावं लागलं. वरळी तर गिरण्यांपासून लांब. तिथल्या रिकाम्या चाळींचा पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात तात्पुरता तुरुंग झाला. कामगारांच्या घरांत सत्याग्रही कैदी!

आता इथे हिशेबतपासणी नव्हती का? होती की. सरकारी खात्याचे हिशेब तेव्हाही तपासले जात. पण त्या तपासणीचा प्रश्न असा असायचा: पैसा मंजुरीप्रमाणे खर्च झाला का, पावती आहे का? ‘ही खोली घेणारा कामगार महिन्याला किती भाडं देऊ शकतो, आणि तो आकडा पहिली वीट बसण्याआधी कोणी पाहिला का?’ हे विचारणं कोणाच्याच कामात बसत नव्हतं.

बॅक बेची कथा तर याहून बोलकी. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरला गव्हर्नरांचंच नाव दिलं होतं. (ज्या यंत्राला साहेबाचं नाव, ते कमी काम करतंय असं साहेबाला सांगणार कोण?) गाळ अपेक्षेइतका निघत नव्हता आणि निघालेला भिंतीतून परत समुद्रात निसटत होता. लॉइड १९२३ च्या अखेरीस विलायतेला परतले, काम चालूच. शेवटी खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी बाहेरून तोफ डागली. खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन १९२८ मध्ये निर्दोष सुटले. दरम्यान १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांची चौकशी समिती बसली. तिच्यात विश्वेश्वरय्या होते आणि शापूरजी बिलिमोरिया हे मुंबईचे नामांकित ऑडिटरही होते.

म्हणजे ऑडिटर आला, पण कधी? सहा वर्षांनी. योजना छाटली गेली आणि अखेर ११४५ पैकी सुमारे ४४० एकरच जमीन हाती आली. समितीने चुका नेमक्या दाखवल्या, पण दाखवून उपसलेला गाळ परत येत नाही. नरिमन यांच्यासारखा बाहेरचा माणूस चोर पकडू शकतो. प्रकल्प वाचवायला आतला माणूस लागतो. पगार त्याच संस्थेचा, पण अहवाल प्रकल्पप्रमुखाकडे नाही, त्याच्या वरच्या मंडळाकडे. तो दर टप्प्यावर पुढचा हप्ता सुटण्याआधी विचारतो: सुरुवातीला जे गृहीत धरलं होतं, ते अजून खरं आहे का? अर्थात १९२० च्या माणसांना यासाठी फार झोडपणं बरं नाही. अंतर्गत लेखापरीक्षकांची अमेरिकेतली संस्थाच मुळी १९४१ ची. आपल्याकडे ठरावीक कंपन्यांना हे सक्तीचं झालं ते २०१३ च्या कंपनी कायद्याने.

एक सावधगिरी मात्र हवी. हाच ऑडिटर आराखडा ठरवायला बसला, कंत्राटदार निवडायला लागला, की संपलं. स्वतःच्या निर्णयाची तपासणी कोणी करत नसतो.

आज म्हाडा याच चाळींचा पुनर्विकास करत आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. नायगावच्या बेचाळीस चाळींत मिळून तीन हजारांहून जास्त खोल्या, आणि प्रत्येकीमागे पात्रतेची एक फाईल. ती फाईल कोणत्या तारखेपासून कोणाच्या टेबलावर आहे, हे बघायला सिमेंटचं ज्ञान लागत नाही. आणि भाड्याचा तो जुना प्रश्न आता वेगळ्या रूपात उभा आहे: टॉवरची लिफ्ट, पाण्याचे पंप, रंगरंगोटी, यांचा महिन्याचा खर्च निवृत्त गिरणी कामगाराच्या घराला किती वर्षं झेपेल? त्या वेळी हा आकडा चाळी बांधून झाल्यावर कळला. या वेळी तो कोणी मांडला आहे का, ही चौकशी सभा संपल्यावर आपल्यापैकी जे इथलेच रहिवासी आहेत त्यांनी आपल्या सोसायटीच्या कमिटीकडे जरूर करावी.