जिवंत आमिषाची टाकी
आमिषाचे छोटे मासे जिवंत ठेवण्यासाठी मासेमारी होडीत केलेला पाण्याचा कप्पा. लक्षद्वीपमधील मिनिकॉय बेटावर ट्यूना काठी-गळाने पकडतात. त्यासाठी खारकच्छात जाळ्याने धरलेले बारीक मासे या टाकीतून नेतात आणि ट्यूनाचा थवा दिसताच मूठमूठ पाण्यात उधळतात. पारंपरिक होडीत टाकीच्या तळाला भोके असतात. त्यांतून समुद्राचे ताजे पाणी खेळते. बुचांनी ती हवी तेवढी बंद करता येतात. पंपाने पाणी भरणाऱ्या टाकीत जादा पाणी वरच्या बाजूने, जाळी लावलेल्या नळीतून काढतात. टाकीचे कोपरे गोल असलेले बरे, कारण चौकोनी कोपऱ्यात मासे दाटतात, खरचटतात आणि खवले गेलेला मासा फार काळ जगत नाही. टाकीत गर्दी झाल्यास पाण्यातील ऑक्सिजन घटून आमिष मरते.