मेरी रोझवरची धनुष्यं

१९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथच्या किनाऱ्याजवळ, आठव्या हेन्रीच्या डोळ्यांदेखत, त्याचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज बुडालं. जहाजावरच्या सुमारे ५०० माणसांपैकी ३५ सुद्धा वाचली नाहीत. जहाजाचा सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढला गेला. त्याच्या अवशेषांत १७२ लाकडी धनुष्यं मिळाली आणि त्यांतली १३७ अखंड होती.

ही धनुष्यं यू नावाच्या झाडाची आहेत, साधारण दोन मीटर लांब. या झाडाचं सालीखालचं पांढरट लाकूड ताण सोसतं आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. म्हणून पांढरट भाग धनुष्याच्या पाठीला ठेवतात आणि गाभा पोटाला, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला. चांगलं यू इंग्लंडमध्ये पुरेसं मिळत नसे. १४७२ च्या कायद्याने तर परदेशी व्यापाऱ्यांवर दर टन मालामागे धनुष्यासाठी चार दांडे आणण्याची सक्ती केली होती.

इतक्या लांबून आलेला दांडा वाया घालवणं परवडणारं नव्हतं आणि तो वाया जाण्याची सगळ्यात मोठी भीती शेवटच्या टप्प्यात असे. या टप्प्याला इंग्रजीत टिलरिंग म्हणतात. धनुष्याला दोरी लावायची, थोडीशी ओढायची आणि लांब उभं राहून बाक पाहायचा. एखादी जागा ताठ राहिली, तर तिच्या वाट्याचा ताण शेजारच्या जागेवर जातो. ती शेजारची जागा बिजागरीसारखी एकटीच वाकू लागते आणि शेवटी तिथेच मोडते. त्यामुळे कारागीर कमजोर जागेला हातही लावत नाही. तो ताठ जागा पोटाकडून हलकेच तासतो, पुन्हा दोरी ओढतो, पुन्हा पाहतो. दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत हेच चालू राहतं. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, म्हणून घाई करून चालत नाही. गाठीभोवती तर थोडं जास्तच लाकूड ठेवावं लागतं.

योगायोग असा, की रॉजर ॲस्कमचं ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं पुस्तक त्याच १५४५ साली आलं. ॲस्कम केंब्रिजचा विद्वान, पण हे पुस्तक त्याने लॅटिन बाजूला ठेवून मुद्दाम मातृभाषेत लिहिलं. त्याचा सल्ला साधा आहे: नवं धनुष्य आधी मैदानात वापरून पाहा, ते कुठे जास्त वाकतं ते हेरा आणि मग भरवशाच्या कारागिराकडून ते सगळीकडे सारखं गोल वाकेल असं करून घ्या.

ही बारकाई हौसेखातर नव्हती. मोजमापं आणि हुबेहूब नकलांवरून मेरी रोझवरच्या धनुष्यांचा ओढ सुमारे १०० ते १८५ पौंड, म्हणजे ४५ ते ८४ किलो असावा असा अंदाज आहे. एवढ्या जोराने ओढलेलं धनुष्य मोडलं, तर ऐन लढाईत तिरंदाज निःशस्त्र. फार ताणलं की तुटतं, असं आपण म्हणतो. या कारागिरांना ठाऊक होतं की ताण सगळीकडे सारखा वाटला गेला, तर लाकूड खूप सोसतं. तुटतं ते बहुधा एकाच जागेवर भार पडल्यामुळे.

पुढे बंदुका आल्या आणि १५९५ मध्ये सरकारी फौजेतून धनुष्याला निरोप मिळाला. पोर्ट्समथच्या संग्रहालयात मात्र ती अजून पाहायला मिळतात. अनेकांवर कारागिरांच्या कोरलेल्या खुणा आहेत, पण नावं नाहीत. कधी गेलात, तर जरा थांबून एखाद्या धनुष्याची जाडी मधल्यापासून टोकापर्यंत नजरेने तपासा. ती कशी हळूहळू कमी होत जाते, त्यात त्या अनाम हातांचं सगळं कसब आहे.