आंब्यावरचा डाग: हा तोच का?

मंडळी, इथे गंजाडात आंब्याच्या पानावर काळा डाग दिसला की आपण सरळ म्हणतो, करपा आला. करपा बुरशीचा. पण काळा डाग जिवाणूमुळेही पडतो, आणि बुरशीवरचं प्रत्येक औषध त्याला लागू पडत नाही. म्हणजे ‘हा कोण?’ हा प्रश्न आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांपुरता राहत नाही, तो बागायतदाराच्या खिशाचा होतो.

पुण्यात एम. के. पटेल, मोनीझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ साली या जिवाणूचं वर्णन छापलं. त्या काळची रीत अशी: रोगट पानातून जिवाणू काढायचा, बशीत वाढवायचा, निरोगी पानाला टोचायचा, तोच डाग उठला की त्यातून पुन्हा तोच जिवाणू काढून दाखवायचा. सगळा भार ‘तोच’ या शब्दावर. आमच्या नैयायिकांचा ‘तोच हा देवदत्त’ इथे बशीत बसलेला दिसतो!

पटेलांनी त्याला स्युडोमोनास कुळात घातलं. १९७४ मध्ये तो झँथोमोनासमध्ये गेला. गंमत अशी, की झँथोमोनास म्हणजे पिवळा, आणि आंब्यावरच्या या जिवाणूच्या वसाहती बहुधा पांढरट. रंगाने फसवलं असतं. पुढे डीएनए ताडून पाहिल्यावर २००९ मध्ये तो झँथोमोनास सिट्री ठरला, म्हणजे लिंबावरच्या खैऱ्याचा सख्खा भाऊ. डाळिंबाचा तेल्याही आता त्याच घरात मोजतात.

आजची पीसीआर चाचणी १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांना सुचली. जिवाणूच्या डीएनएमधला ठरावीक तुकडा तापवून, थंड करून दर फेरीला दुप्पट करायचा. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात. डाग उमटण्याआधीच रोपातला जिवाणू सापडू शकतो. रोपवाटिकेसाठी ही केवढी सोय!

पण दोन गोष्टी विसरू नका. निवडलेला तुकडा भावाभावांत सारखा असला, तर आंब्याचा कोण आणि लिंबाचा कोण हे चाचणी सांगत नाही. आणि मेलेल्या जिवाणूचा डीएनएही तिला सापडतो. फवारणीनंतर चाचणी ‘आहे’ म्हणाली, तर जिवंत आहे की नुसता सांगाडा? अशा वेळी प्रयोगशाळेला पुन्हा तो जिवाणू बशीत वाढवावा लागतो, आणि आंब्याच्या निरोगी पानाला टोचून आठवडा-दोन आठवडे वाट बघावी लागते.