डाव लिहून ठेवा: गो, घोडा आणि आपली वाघ-बकरी

आजचा भाग खेळांवर आहे, पण कसं खेळायचं यावर नाही. खेळून झालेला डाव लिहायचा कसा आणि कागदावर छापायचा कसा, यावर आहे. ऐकायला जरा कोरडं वाटेल. पण आपल्या वाघांच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या खेळाचं पुढे काय होणार, ते यावरच ठरणार आहे.

सुरुवात दगडापासून करू. महाराष्ट्रात लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या फरशीवर, किल्ल्यांवर खेळाचे पट कोरलेले सापडतात. कुणीतरी तिथे बसून खेळलं, एवढं त्यावरून कळतं. पण कोण जिंकलं? कोणती चाल भारी पडली? काहीच कळत नाही. पट उरला, डाव गेला. दगडावर रेघा टिकतात, चाली टिकत नाहीत. चाली टिकवायच्या तर त्यांना अक्षरं लागतात.

ही अक्षरं आपल्या भागात फार लवकर आली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सीमेलगतच्या बिदर जिल्ह्यातलं. त्याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात बुद्धिबळ आहे, आणि एक कोडंही आहे: घोड्याने पटावरच्या ६४ घरांत एकदा आणि एकदाच जायचं. हे उत्तर सांगणार कसं? एका दिशेला व्यंजनं, दुसऱ्या दिशेला स्वर. दोन्ही जोडले की प्रत्येक घराला स्वतःचं अक्षर मिळतं. म्हणजे आपली बाराखडीच झाली ना! मग घोड्याची अख्खी सफर म्हणजे अक्षरांची एक ओळ. चित्र नको, पट नको, ओळ पाठ असली तरी पुरे. पुढे १७ व्या शतकात काशीच्या नीळकंठ भट्टांनीही घोड्याच्या सफरी श्लोकांत दिल्या. हे घराणं मूळचं पैठणचं.

आजही तीच युक्ती चालते. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूला सोंगट्यांची नावं आपापल्या भाषेतल्या अक्षरांनी लिहायची मुभा आहे. म्हणून मराठीत रा, व, ह, उं, घो चालतं. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्या चाली आपल्या फोनवर लगेच येत होत्या, त्याही अशाच छोट्या मजकुराच्या रूपात.

आता चला पूर्वेकडे. ‘गो’ हा चीनमध्ये जन्मलेला आणि जपानमध्ये बहरलेला खेळ. १९ आडव्या, १९ उभ्या रेघा, ३६१ छेद. काळे आणि पांढरे खडे घरात नाही, रेघांच्या छेदावर ठेवायचे. समोरच्याचे खडे चहूबाजूंनी कोंडले की ते उचलायचे. जपानी लोकांनी हे डाव कागदावर नोंदवायची शिस्त पाळली. १८४६ साली तरुण शुसाकू आणि मुरलेला गेन्नान इनसेकी यांच्यात झालेला डाव आज तुम्ही घरी चाल-चाल लावून बघू शकता.

पण गो छापणं सोपं नाही बरं का. एकाच चित्रात प्रत्येक खड्याच्या पोटात चालीचा आकडा टाकतात, १, २, ३ असा. आता गंमत बघा. ३४ वी चाल जिथे पडली तो खडा मेला, उचलला गेला, आणि ५२ वी चाल नेमकी त्याच छेदावर पडली. कागदावर एका जागी दोन आकडे कसे छापणार? मग चित्राखाली टीप द्यावी लागते: ५२ ही ३४ च्या जागी. शंभर पानांचं पुस्तक असेल तर हे सगळं हाताने करणं म्हणजे डोळ्यांचं वाटोळं.

इथे सॉफ्टवेअर येतं. १९८० च्या दशकात झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात अँडर्स किएरुल्फ ‘स्मार्ट गेम बोर्ड’ नावाचा प्रोग्राम लिहीत होता. त्यातून एसजीएफ हा फाइल फॉरमॅट आला. त्यात काळ्याची एक चाल अशी लिहितात: अर्धविराम, ‘बी’, मग चौकटी कंसात ‘पीडी’. पी म्हणजे डावीकडून सोळावी रेघ, डी म्हणजे वरून चौथी. झालं! अख्खा डाव म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. सोमेश्वराची स्वर-व्यंजनं आणि ही ‘पीडी’, विचार एकच आहे.

दुसरी बाजू छपाईची. डोनाल्ड कनुथच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी हाना कोवोजेस्का यांनी गोचे फॉन्ट बनवले. त्यांची कल्पना मला फार आवडते. पटाचा प्रत्येक छेद म्हणजे एक अक्षर. कोपरा एक अक्षर, कडा एक अक्षर, आकडा घातलेला काळा खडाही एक अक्षर. म्हणजे पट हे चित्र राहिलंच नाही, तो १९ ओळींचा परिच्छेद झाला. आणि नव्वदच्या आसपास याच टेकमध्ये फ्रान्स वेल्थुईस या डच माणसाने देवनागरीही आणली. म्हणजे मराठी मजकूर आणि गोचा पट एकाच पानावर छापायची सोय तेव्हाच झाली होती.

या दोन बाजू जोडायचं काम डॅनियल बम्प आणि रीड ऑगस्टिन यांच्या ‘एसजीएफ-टू-डीजी’ या मोफत प्रोग्रामने केलं. एसजीएफ फाइल द्या, तो चाली मोजतो, मेलेले खडे उचलतो, पन्नासेक चालींनंतर नवं चित्र सुरू करतो, आणि एकाच जागी दोन चाली आल्या की ती टीपही स्वतःच लिहितो. बाहेर येतं छापायला तयार पान. डॅनियल बम्प हे स्टॅनफर्डचे गणिताचे प्राध्यापक. पोटापाण्याचा धंदा हा नाही, नुसती खेळाची आवड.

लिहून ठेवल्याने काय फरक पडतो? २०१६ मध्ये सोलला अल्फागोने ली सेडॉलला ४-१ ने हरवलं. त्या प्रोग्रामचं पहिलं शिक्षण माणसांनी ऑनलाइन खेळलेल्या १ लाख ६० हजार डावांवर झालं होतं. डाव लिहिलेले होते म्हणून मशीन शिकलं. त्याआधी त्याच नोंदींवर माणसांच्या पिढ्या शिकल्या होत्या.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे या. वाघ-बकरी! कोळशाने किंवा खडूने फरशीवर रेघा ओढायच्या, चिंचोके आणि खडे घ्यायचे, बसायचं. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. नीट बघा, हा गोचा लांबचा भाऊच वाटतो: खडे छेदांवरच, आणि जिंकणं म्हणजे कोंडी. पट जागोजागी बदलतो. कुठे त्रिकोणी, कुठे चौकोनी. नेपाळात ४ वाघ, २० बकऱ्या; दक्षिणेत ३ वाघ, १५ बकऱ्या.

नियम तर जपले जातायत. मास्ट्रिख्टच्या ‘लुडी’ प्रकल्पाने जगभरच्या हजाराहून जास्त खेळांचे नियम मजकुरात उतरवले, त्यात नेपाळी बाघचालही आहे. पण नियम म्हणजे पट. डाव वेगळा. तुमच्या आजीने तीन बकऱ्यांत वाघ कसा अडकवला, ते कुठे लिहिलंय?

लिहायला काही लागत नाही. पाच बाय पाचचा पट घ्या. उभ्या रेघांना डावीकडून क, ख, ग, घ, च. आडव्या रेघांना वरून अ, आ, इ, ई, उ. डावा वरचा कोपरा क, पटाचा मध्य गि. वाघाने क वरून गि वर उडी मारली तर लिहा: ‘वा क गि’. मधली बकरी गेली. ती कुठे होती? ‘खा’ वर. बाराखडीने स्वतःच सांगितलं!

अख्खा डाव एका व्हॉट्सॲप मेसेजात मावतो. एकदा मजकूर झाला की त्यातून चित्र काढणारा, पुस्तक छापणारा प्रोग्राम कॉलेजातली कुठलीही पोरं लिहितील, ते काम अवघड नाही. अवघड काम आधीचं आहे, आणि त्याला कोड नाही, म्हातारी माणसं लागतात. तर या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांसमोर पट मांडा, त्यांच्याकडून हरा, आणि हरताना प्रत्येक चाल लिहून घ्या. त्यांच्या गावचा पट वेगळा असेल तर तोही काढून घ्या, फोटोसकट.

भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि लिहीत राहा.