जिथे माणूस पोचणारच नव्हता : हाफ डोमची गोष्ट

 

आज सुरुवातीलाच एक काम देतो. लोकलमध्ये, बसमध्ये, जिथे असाल तिथे कुणाच्या पाठीवर ‘द नॉर्थ फेस’ची सॅक दिसते का बघा. ओरिजिनल असो नाहीतर फॅशन स्ट्रीटवरची, लोगो तोच. नावाशेजारी कमानीसारख्या वळलेल्या पट्ट्या. ती कमान म्हणजे एक खराखुरा डोंगर आहे. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत. नाव हाफ डोम. आजची गोष्ट त्याची.

आधी दगड समजून घेऊ, कारण सगळी भानगड दगडाचीच आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. लाव्ह्याचे थरावर थर, त्यामुळे टप्पे, कपारी, खोबणी. हरिहरसारख्या गडावर तर थेट कातळात पायऱ्या कोरलेल्या. हाफ डोमचा दगड ग्रॅनाइटच्या कुळातला. साधारण आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी शिलारस जमिनीखालीच हळूहळू थंड झाला. नंतर वरची माती-दगड झिजून गेले, दाब कमी झाला आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे या दगडाचे पापुद्रे सुटत गेले. म्हणून तो असा गोल, गुळगुळीत. एका बाजूला मात्र उभ्या भेगांवरून दगड कोसळत गेला आणि जवळजवळ २००० फुटांची सरळ भिंत उरली. दरीच्या तळापासून माथा सुमारे ४८०० फूट उंच. म्हणजे धरायला काही नाही आणि पाय ठेवायला त्याहून नाही.

इथले मूळ रहिवासी अहवाहनीची लोक. त्यांच्या कथेत हा डोंगर म्हणजे दगड झालेली एक बाई, तिस्सॅक. भिंतीवरचे काळे ओघळ हे तिचे अश्रू. १८५१ मध्ये गोऱ्यांची सशस्त्र तुकडी दरीत घुसली आणि या लोकांना हुसकावून लावलं. त्यानंतर सर्व्हेवाले आले, नकाशे आले, नवी नावं आली.

त्या सर्व्हेचा प्रमुख होता जोसाया व्हिटनी, कॅलिफोर्नियाचा सरकारी भूवैज्ञानिक. मोठा माणूस. तिथलं माउंट व्हिटनी त्याच्याच नावाचं. १८६५ च्या सुमारास त्याने लिहून टाकलं की या डोंगरावर माणसाचं पाऊल कधी पडलं नाही आणि कधी पडणारही नाही. विषय संपला.

‘हे होणारच नाही’ हे वाक्य मी सॉफ्टवेअरच्या मीटिंगमध्ये जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘आत्ता आपल्याकडे जे आहे त्यात होणार नाही’ एवढाच असतो. व्हिटनीचंही तेच झालं. त्याने डोंगर नीट पाहिला होता. हातोडा घेतलेला माणूस तेवढा त्याच्या हिशेबात नव्हता.

तो माणूस म्हणजे जॉर्ज अँडरसन. स्कॉटलंडचा, पूर्वी खलाशी, मग योसेमिटीत लोहारकाम-सुतारकाम करणारा. त्याच्या आधी जॉन कॉनवे नावाच्या वाट बांधणाऱ्याने आणि त्याच्या मुलांनी प्रयत्न केला होता. काहीशे फुटांवर ते थांबले. अँडरसनने बूट घालून पाहिलं, अनवाणी पाहिलं, पायांना राळ फासून पाहिलं. राळेने पाय चिकटायचे खरे, पण मग पुढच्या पावलासाठी सुटायचेच नाहीत!

शेवटी त्याने स्वतःचा धंदाच कामाला लावला. कातळात हाताने भोक पाडायचं, त्यात कडीवाली लोखंडी खुंटी ठोकायची, तिच्यावर उभं राहायचं आणि पाच-सहा फुटांवर पुढचं भोक पाडायचं. पुन्हा तेच. खाली दरी. १२ ऑक्टोबर १८७५ ला तो माथ्यावर पोचला. व्हिटनीचं ‘कधीच नाही’ दहाएक वर्षं टिकलं.

अँडरसनने खुंट्यांना दोर बांधून ठेवला आणि वाट सगळ्यांना खुली झाली. त्याच वर्षी सॅली डचर ही पहिली स्त्री वर गेली. नोव्हेंबरमध्ये जॉन म्यूर गेला, तोच तो निसर्ग वाचवा म्हणणारा म्यूर. त्याला वरून काय दिसलं माहितीये? खाली ढग आणि ढगांवर त्याचीच लांबलचक सावली. आपण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्या इंद्रवज्रासाठी तासन्‌तास बसतो ना, त्याच जातीचं दृश्य.

अँडरसनला पुढे माथ्यापर्यंत लाकडी जिना बांधायचा होता. तो झाला नाही. हिवाळ्यातल्या बर्फाने दोर तुटले आणि १८८४ मध्ये न्यूमोनियाने अँडरसनही गेला. त्याच वर्षी दोन तरुणांनी गुराख्यांसारखे फास टाकून, एकेक खुंटी पकडत पुन्हा दोर चढवला. त्यातला एक, फिमिस्टर प्रॉक्टर, पुढे नामवंत शिल्पकार झाला. १९१९ मध्ये सिएरा क्लबने पोलादी केबल लावल्या. आजही शेवटचे ४०० फूट लोक त्या दोन केबल धरूनच चढतात, मध्ये टेकायला लाकडी फळ्या.

ही झाली मागची वाट. आणि समोरची ती उभी भिंत?

१९५७ च्या जूनमध्ये रॉयल रॉबिन्स, जेरी गॅलवास आणि माइक शेरिक यांनी पाच दिवस भिंतीवरच राहून ती सर केली. वर स्वागताला कोण? वॉरन हार्डिंग, त्यांचा प्रतिस्पर्धी. तो मागच्या वाटेने चालत आला होता. म्हणजे बघा, एकाच माथ्यावर एकजण पाच दिवसांनी पोचतो आणि दुसरा अभिनंदन करायला एका दिवसात.

मग चढला कोण? ट्रेकिंगच्या ग्रुपवर हा वाद आपणही घालतो. रेलिंग धरून गेलं तर ‘सर केला’ म्हणायचं का? माझं मत सांगतो. केबल धरणं ही फसवणूक नाही. अँडरसनच्या लोखंडामुळेच साध्या माणसाला तो माथा मिळाला. पण लोखंड फक्त हाताला आधार देतं, अक्कल देत नाही. जुलै १९८५ मध्ये वादळाची चिन्हं दिसत असतानाही काही तरुण वर गेले. माथ्यावर वीज पडली, दोघे गेले. ओला झाला की हाच दगड साबणासारखा होतो. पुढे गर्दी इतकी वाढली की केबलवर ट्रॅफिक जॅम व्हायला लागला. म्हणून २०१० पासून परमिट आलं, आणि आता लॉटरी लागते. दिवसाला साधारण ३०० जण. ज्या डोंगरावर कुणीच जाणार नव्हतं, तिथे आता किती जणांना जाऊ द्यायचं हा प्रश्न आहे!

शेवटचा किस्सा. २००८ मध्ये ॲलेक्स होनोल्ड ती समोरची भिंत दोराशिवाय, एकटा चढला. माथ्याजवळच्या गुळगुळीत उतारावर त्याचा पाय घसरेल असं त्याला वाटायला लागलं. समोर बोल्टला अडकवलेली एक कडी होती. ती धरली असती की सुटका. मोह झाला, असं त्याने नंतर सांगितलं. शेवटी त्याने पायावर भरवसा ठेवला आणि वर पोचला. वर केबलने आलेली मंडळी फोटो काढण्यात दंग. त्याच्याकडे कुणाचं लक्षही नाही. मग चढाईचे घट्ट बूट काढून तो अनवाणीच केबल धरून खाली उतरला.

तीच वाट, जिच्यावर अँडरसनचे अनवाणी पाय एकदा हरले होते.

तर मंडळी, पुढच्या ट्रेकला रेलिंगला हात लावाल तेव्हा ती पहिली खुंटी ठोकणाऱ्या माणसाची आठवण काढा. आणि वर ढग काळे दिसले तर मुकाट्याने परत फिरा. डोंगर कुठे जात नाही.

भेटूया पुढच्या भागात!