पुन्हा जोडणी करण्याआधी किती थांबावे? संगणकांच्या संयमाचा इतिहास

१/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांच्यातील संगणकजाळ्यावरून माहिती सेकंदाला ३२,००० बिट या वेगाने जात असे. तो वेग अचानक ४० बिटवर घसरला. तार तुटली नव्हती, यंत्रे सुरू होती. मग जाळे गुदमरले कशामुळे?

२/ या प्रश्नाची मुळे हवाई बेटांवर आहेत. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन व सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केले. अनेक ठिकाणची यंत्रे एकाच रेडिओ वाहिनीवरून मध्यवर्ती संगणकाला संदेश पाठवत. दोघांनी एकाच वेळी पाठवला, तर दोन्ही संदेश नष्ट होत. पोच आली नाही की संदेश पुन्हा पाठवायचा. पण दोघे सारखाच वेळ थांबले, तर टक्कर पुन्हा ठरलेलीच! म्हणून प्रत्येकाने यदृच्छेने ठरलेला, वेगवेगळा वेळ थांबावे, असा नियम झाला.

३/ अब्राम्सन यांचे हे काम रॉबर्ट मेटकाफ यांनी अभ्यासले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ पासून ‘इथरनेट’ आकाराला आले. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या १९७६ च्या निबंधात पुढचे पाऊल दिसते. प्रत्येक नव्या टकरीनंतर थांबण्याचा सरासरी काळ दुप्पट करायचा. गर्दी किती आहे, हे कोणी सांगत नाही. आपल्याच अपयशांवरून ते ओळखायचे.

४/ १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारले. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्समधून (४.२ बीएसडी) ‘सॉकेट’ प्रोग्रामरांच्या हाती आले. आता अपयशालाही नावे मिळाली. जोडणी नाकारली : यंत्र सापडले, पण त्या दारामागे कोणी ऐकत नाही. जोडणी मोडली : समोरच्या बाजूने ती एकाएकी रद्द केली. मुदत संपली : उत्तरच आले नाही.

५/ याहून फसवे अपयश म्हणजे शांतता. समोरचे यंत्र बंद पडले, तरी इकडचे सॉकेट जोडणी जिवंतच समजत राहते. टीसीपीच्या १९८१ च्या मानकात याला ‘अर्धी उघडी’ जोडणी म्हटले आहे. १९८९ च्या मानकाने तर जोडणी तपासणाऱ्या संदेशांमधील मूळ अंतर किमान २ तास ठेवायला सांगितले. म्हणूनच अनेक प्रोग्राम दर काही सेकंदांनी स्वतःच समोरच्याची नाडी तपासतात.

६/ आता पुन्हा १९८६ कडे. जाळ्यात गर्दी वाढली की पोच उशिरा येते. पाठवणाऱ्या यंत्रांना वाटे, पॅकेट हरवले. मूळ पॅकेट रांगेतच असताना ती दुसरी प्रत पाठवत. रांग आणखी वाढे. जॉन नेगल यांनी १९८४ मध्येच या ‘कोंडी-कोसळणी’चा इशारा दिला होता. जाळे गुदमरले ते यंत्रांच्या उतावीळपणामुळे.

७/ व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी उपाय शोधला. जेकबसन यांचा प्रसिद्ध निबंध १९८८ चा. पोच येण्यास लागणारा वेळ व त्यातील चढउतार मोजा, अपयशानंतर दुप्पट थांबा, सुरुवात हळू करा. विशेष म्हणजे ही शिस्त लावणारा कोणी मध्यवर्ती अधिकारी नव्हता. प्रत्येक यंत्राने ती स्वतःहून पाळायची होती.

८/ आजच्या ॲपसमोर तोच पेच आहे. सर्व्हर बंद पडला की हजारो ग्राहक-प्रोग्रामांची जोडणी एका क्षणी तुटते. सगळे बरोबर ५ सेकंदांनी परतले, तर नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा कोसळतो. उपाय जुनाच : प्रतीक्षा दुप्पट करत न्या, तिला कमाल मर्यादा घाला आणि तीत अलोहानेटची यदृच्छा मिसळा. मात्र पासवर्डच चुकीचा असेल, तर कितीही थांबून काही साधत नाही. तिथे प्रयत्न सोडून वापरकर्त्याला सांगणेच योग्य.

९/ ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे ६ तास जगभर बंद होते. ॲप आणि माणसे, दोघेही अविरत प्रयत्न करत राहिले. परिणामी इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरांवर नेहमीच्या कितीतरी पट मागण्या आदळल्या. दुरुस्तीनंतरही सेवा एकदम सुरू केली नाही, कारण परतणाऱ्या लोंढ्याने ती पुन्हा पडली असती.

१०/ इंटरनेटचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण सर्वांसाठीचा हा रस्ता मोकळा राहिला, तो अपयश आल्यावर क्षणभर थांबणाऱ्या असंख्य यंत्रांमुळे. पडद्यावर ‘पुन्हा जोडत आहे…’ ही अक्षरे रेंगाळतात, तेव्हा अनेकदा तीच शिस्त काम करत असते.

#इतिहास #मराठीथ्रेड